राजदूत आमच्याकडे जेवणार होता

साखर कारखान्याच्या अध्यक्षानं माझ्या आईला फसवलं. मला फसवलं असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो. माझी सगळी उमर भंगाराच्या धंद्यात गेली. मला फसवू बघणारे रोज भेटायचे आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना मीही सोडलं नाही. धंद्यातलं धंद्यात मिटतं. पण आईचा कुणाशी सौदा नव्हता. तिनं एका माणसासाठी स्वयंपाक केला होता, एवढंच.

तो माणूस फिलिपाइन्स देशाचा दिल्लीतला राजदूत होता. आमच्या वस्तीवरच्या घराशी त्याचा संबंध कसा आला हे आधी सांगतो, नाहीतर कुणाला खरं वाटणार नाही.

छप्पन साली आमच्या लोकांनी धर्म बदलला तेव्हा मी शाळेत होतो. पुढं शाळा सुटली आणि मी कोयनेला धरणाच्या कामावर गेलो. धरण उभं राहिलं, कामं आटोपली, आणि तिथली मोडकी यंत्रं, पाइप, लोखंडी दोर लिलावात निघायला लागले. मी लिलावात उभं राहायला शिकलो. कुठं गप्प बसायचं आणि कुठं ओरडायचं हे शिकलो. त्यावर कुपवाडला एक पत्र्याची शेड झाली. साखर कारखान्यांत ऊस ओढून नेणाऱ्या साखळ्या असतात, त्यांच्या कड्या मी तिथं बनवायचो. एकाहत्तरच्या लढाईत माझा थोरला भाऊ गेला. घरात आई आणि मी, दोघंच उरलो.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात मी कोयनानगरहून भंगाराचा ट्रक घेऊन घाट उतरून येत होतो. उंब्रजजवळ हमरस्त्याला लागलो तर एक लांबलचक परदेशी मोटार कडेला वाकडी होऊन उभी. मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटलेला. तिचा गढवाली ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला होता, आणि साहेब मात्र उसाच्या फडात शिरून ऊस मोडून खात होता. बुटका, गोल चेहऱ्याचा, डोक्याला पांढरी टोपी. दातानं ऊस सोलण्याची त्याची रीत बघून मी ट्रकमधल्या हमालाला म्हटलं, "ह्यो साहेब न्हाई, ह्यो शेतकरी हाय."

पाटा साताऱ्यातच मिळण्यासारखा होता. मी साहेबाला आणि ड्रायव्हरला ट्रकमध्ये घेतलं आणि उलटा साताऱ्याला गेलो. तिथल्या मिस्त्रीनं परदेशी गाडीचं नाव ऐकल्यावर असा भाव सांगितला की मला शिव्याच सुटल्या. तो वर, मी खाली, असं बराच वेळ चाललं. एकदा मी निघून गेलो, एकदा तो आत जाऊन बसला. राजदूत बाकावर बसून डोळे मोठे करून बघत होता. त्यानं ड्रायव्हरला काहीतरी विचारलं. ड्रायव्हर मला हिंदीत म्हणाला, "साहेब विचारतात, हा माणूस भांडतोय की भाव करतोय?"

"साहेबांना सांग, आमच्याकडं दोन्ही एकच."

तो इतका हसला की मिस्त्रीलाही हसू आलं, आणि तिथंच भाव ठरला.

पाटा तयार होईपर्यंत आम्ही शेजारच्या हॉटेलात बसलो. मालकानं साहेबाला बघून न सांगताच ऑम्लेट आणि पाव आणला. मी माझं फडकं सोडलं. आईनं दिलेली ज्वारीची भाकरी, खर्डा आणि सुकटाची चटणी. सुकटाचा वास सुटला तसं हॉटेलवाल्यानं नाक मुरडलं आणि राजदूतानं ताट बाजूला सारलं. बोटानं माझी चटणी दाखवली. मी भाकरीचा तुकडा मोडून दिला. मिरचीनं त्याचं नाक लाल झालं, घाम फुटला, तरी तो थांबेना. अर्ध्याहून जास्त भाकरी त्यानंच खाल्ली.

मग तो बोलायला लागला, ड्रायव्हर सांगत गेला. त्याच्या देशात पांपांगा म्हणून एक भाग आहे. सगळा उसाचा, गुळाचा, पुराच्या पाण्याचा. तिथले लोक कापांपांगान. बोली वेगळी, राजधानीतल्या माणसाला कळत नाही. हे लोक भातशेतातले किडे परतून खातात, बेडकाच्या पोटात मसाला भरून खातात. राजधानीतले लोक पूर्वी यावरून त्यांना हसायचे. "आता तेच लोक," ड्रायव्हर म्हणाला, "मंत्र्याला जेवायला बोलावलं की आमच्याकडचा आचारी मागतात, असं साहेब म्हणतात."

मी चटणीकडं बघत ऐकत होतो. खाण्यावरून हसणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

त्याच्या त्या एवढ्याशा भागातून कितीतरी माणसं राजदूत होऊन देशोदेशी गेली होती. कुणी युरोपात, कुणी अमेरिकेच्या बाजूला, कुणी जपानकडं. जगाच्या लेखी ते सगळे फिलिपिनो. पण सुट्टीत आपल्या गावाकडं जमले की कापांपांगान. आणि घरची म्हातारी माणसं त्यांना करारमदार काही विचारत नाहीत, तो म्हणाला. विचारतात ते एवढंच, की तिकडं कुणाच्या चुलीपाशी बसलास? मेजवानीचं सांगितलं तर हसतात. मेजवानी सगळ्यांनाच मिळते. चूल सांगावी लागते. त्याच्या आधी गेलेल्या प्रत्येकाकडं सांगायला एक तरी चूल होती. हा दोन वर्षं दिल्लीत होता आणि त्याला अजून एकही मिळाली नव्हती. जिथं जाईल तिथं त्याला ऑम्लेट.

तो गोव्याला देवदर्शनाला निघाला होता. परतताना सांगली जिल्ह्यातला एक साखर कारखाना बघायचं आधीच ठरलं होतं. तो कारखाना आमच्या वस्तीपासून दोन-तीन मैलांवर. मी म्हटलं, "मग माझ्या आईच्या चुलीपाशी बसा."

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. अट एकच घातली: इंग्रजी काही करायचं नाही, आणि स्वयंपाक चालू असताना त्याला शेजारी बसू द्यायचं.

घरी आईला सांगितलं तर ती आधी माझ्यावरच उखडली.

"आता तुला थट्टा सुचाय लागली व्हय? राजाचा माणूस, आन् माज्या चुलीम्होरं?"

"त्याला तुझी सुकटाची चटणी लय आवडली, आई."

"आन् काय खातुया त्यो?"

मी किड्यांचं सांगितलं. मला वाटलं, तोंड वाकडं करील. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "खाऊ दे की. दुस्काळात आमी काय काय खाल्लंय ते कुणाला सांगितलंय व्हय? सांगंल त्यो शाना."

त्या आठवड्यात तिनं घर तीनदा सारवलं. पाळलेला तांबडा कोंबडा बाजूला बांधला. भाऊ गेल्यापासून ती कुणाला जेवायला बोलावत नव्हती आणि कुणाकडं जात नव्हती. आता शेजारणींना बोलावून मसाला कुटायला बसवलं, आणि त्यांच्याशी भांडायलाही लागली. तिचा तो चढा आवाज मी किती दिवसांनी ऐकला.

बातमी कारखान्यावर गेली. अध्यक्षानं मला बोलावून घेतलं.

"काय रं, राजदूत म्हनं तुझ्याकडं जेवनार?"

"व्हय."

"कारखान्याचा पावना हाय त्यो."

"पाटा तुटला तवा कुटं हुता कारखाना?"

तो हसला. गोड माणूस, मोठ्यानं कधी बोलत नसे. म्हणाला, जेवण गेस्टहाउसवर ठेवू, तुझ्या आईलाही गाडी पाठवू. मी नाही म्हटलं. म्हणाला, मग आधी माझ्या घरी जेवू दे, तुझ्याकडं चहा. मी नाही म्हटलं.

"पयलं जेवान आमच्यात झालं आस्तं तर गोष्ट येगळी हुती. एकदम तुमच्या वस्तीवर म्हंजे…"

"म्हंजे काय?"

"काय न्हाई, गड्या. एवडा तापतुस कशाला?"

शेवटी ठरलं. दुपारी एकपर्यंत पाहुणा कारखान्याचा. एकनंतर आमचा. मी हात पुढं केला तेव्हा त्यानं हात आखडता घेतला आणि एक बारीकसं मागून घेतलं. मी सकाळी कारखान्यावर यायचं नाही. "डायरेक्टर लोक बसल्यालं आसत्यात. तू पावन्याला खेटून बसलास की त्यास्नी राग यायचा. तू आपला फाट्यावर थांब, गाडी सोडली की वाट दाव."

मला ते फुकटात पडल्यासारखं वाटलं. मला कुठं डायरेक्टरांबरोबर बसायची हौस होती? मी हो म्हटलं. त्यानं हात दिला. घरी येताना मी स्वतःवर खूश होतो. एवढ्या मोठ्या माणसाकडून जे पाहिजे ते घेतलं आणि बदल्यात काही दिलं नाही, असं मला वाटत होतं.

इतकी वर्षं मी तेच उलटंसुलटं करून बघतो. लिलावात मी कधी माल न बघता बोली केली नाही. त्या दिवशी मात्र मी काय देतोय हे बघितलं नाही. त्याला फक्त एवढंच पाहिजे होतं, की पाहुण्याच्या कानाशी मी नसावं.

ठरल्या दिवशी सकाळी आई पहाटेच उठली. राजदूत येऊन शेजारी बसणार म्हणून थोडा स्वयंपाक मागं ठेवला होता. कोंबड्याचा रस्सा उकळत होता, भाकरीचं पीठ मळायचं बाकी होतं. पाट मांडला होता, चुलीपासून जरा लांब, "धूर लागंल बिचाऱ्याला" म्हणून. मी स्कूटर घेऊन फाट्यावर जाऊन उभा राहिलो.

कारखान्यात काय झालं ते मला नंतर गढवाली ड्रायव्हरनं सांगितलं. ऊस पडतो ती गव्हाण बघून झाली, साखर हातात घेऊन झाली, हार झाले. मग राजदूतानं घड्याळ दाखवून विचारलं, आता त्या माउलीकडं जायचं ना? अध्यक्ष चेहरा पाडून म्हणाला, फार वाईट झालं. सकाळीच त्या घरात मयत झालं. आमच्याकडं सुतक असतं. त्या घरी आता पाण्याचा थेंबही घेत नाहीत. जेवण इथंच मांडलंय.

सुतक! आम्ही छप्पन सालीच जे मागं टाकलं, ते यानं आमच्या दाराला लावलं.

त्याचा हिशेब साधा होता. परका माणूस, चुकचुकेल, जेवेल, जाईल. पण राजदूत जेवला नाही. तो म्हणाला, आमच्या गावात मयताच्या घरावरून न थांबता जाणं पाप असतं. मी जाऊन उभा राहीन. अध्यक्षानं पुष्कळ समजावलं. तो ऐकेना. तेव्हा अध्यक्षानं गेस्टहाउसच्या माळ्याकडून पांढऱ्या शेवंतीचं एक चक्र बांधून घेतलं आणि कारखान्याच्या लेबर ऑफिसरला जीप देऊन पुढं घातलं. त्याला सांगितलं, म्हातारीला भाषा कळत नाही, चक्र ठेवायचं आणि पाच मिनिटांत निघायचं. फाट्यावर मी होतो, म्हणून जीप कालव्याच्या वाटेनं नेली.

आईनं ओट्यावरून बघितलं. पुढं जीप. मागं निशाणाची मोटार. साहेबांसारखे दोघं उतरले. एकाच्या हातात पांढऱ्या फुलांचं चक्र.

भावाची बातमी तशीच आली होती. जीप, साहेब, चक्र. फुलं तशीच ओट्यावर ठेवली होती. आणि आता तिचा एकच मुलगा उरला होता, आणि तो सकाळपासून घराबाहेर होता.

तिनं काही विचारलं नाही. आत गेली, चुलीवर घागर ओतली. रस्स्याचं पातेलं उचललं आणि मागच्या दारी उलटं केलं. मग येऊन भिंतीला टेकून बसली.

मला फाट्यावर एका सायकलवाल्यानं सांगितलं, "आवं, तुमचा पावना कवाच गेला की वस्तीवर, कालव्यानं." मी स्कूटर फिरवली. पोचलो तेव्हा बायका जमल्या होत्या. राजदूत टोपी छातीशी धरून ओट्यासमोर मान खाली घालून उभा होता. घरातून ओल्या राखेचा वास येत होता. मला वाटलं, आई गेली.

आईनं मला बघितलं. उठली. माझ्यापाशी आली आणि एक सणसणीत थोबाडीत मारली.

"कुटं मेलतास?"

मग माझं मनगट धरलं ते सोडेचना.

राजदूत माझ्याकडं बघत होता, आईकडं बघत होता. ड्रायव्हरला हळू काहीतरी म्हणाला. ड्रायव्हरनं विचारलं, "साहेब विचारतात, मग गेलं कोण?"

लेबर ऑफिसर म्हणाला, "कायतरी गैरसमज झाला." मी त्याची कॉलर धरली. माझं एक मनगट आईच्या हातात आणि दुसऱ्या हातात त्याची कॉलर, असा मी उभा होतो. राजदूतानं येऊन माझी बोटं एकेक करून सोडवली. त्याला आता सगळं कळलं होतं. तो लाजेनं काळानिळा पडला होता, जशी काही चूक त्याचीच. ते चक्र त्यानं स्वतः उचलून जीपमध्ये नेऊन टाकलं.

मग बूट बाहेर काढून आत गेला. मांडलेल्या पाटावर बसला नाही, चुलीजवळच उकिडवा बसला. ओल्या राखेला हात लावला आणि आईकडं बघितलं. बोटांनी काडी ओढल्यासारखं केलं. पेटवता का?

आईनं मान हलवली. "आज न्हाई, बाबा. माज्या हातानं इझलीया, ती बी जित्या पोराच्या नावानं. आज पेटवू न्हाई. सांग रं त्यास्नी."

मी सांगितलं. भांडलोही तिच्याशी. असलं काही मानायचं आपण सोडलंय, म्हटलं. ती म्हणाली, "तू सोड. मला भ्या वाटतं."

तिनं त्याला पाणी आणि गुळाचा खडा दिला. वाटसरूला देतो तेच. त्यानं गूळ सगळा खाल्ला, हात चाटला, आणि आईच्या पायाकडं वाकला. तिनं घाईनं पाय मागं घेतले. पुण्याहून त्याला विमान गाठायचं होतं. जाताना म्हणाला, पुढच्या हिवाळ्यात परत येईन, तोवर चूल राखून ठेवा.

त्याच संध्याकाळी मी अध्यक्षाकडं गेलो. तो झोपाळ्यावर होता.

"मी काय फसवलं रं? एकनंतर तुझा म्हनलं हुतं. एकच्या आधीच सोडला. तुझ्या दारात पोचवला. जेवला न्हाई ती तुमची बाब. कोंबडाच हुता न्हवं? दुसरा काप."

त्याच्या दोन माणसांनी मला धरलं नसतं तर पुढचं मला लिहिता आलं नसतं. त्या कारखान्याला मी पुन्हा एक कडी विकली नाही. त्यानं त्याचं काही बिघडलं नाही, ते दुसरीकडून घेत राहिले.

पुढच्या हिवाळ्याआधीच राजदूताची बदली झाली. दिल्लीत सोनं-चांदी गाळायचं, गलाईचं दुकान असलेल्या विट्याच्या एका ओळखीच्या माणसाकरवी मी तिथं चौकशी केली, तेव्हा एवढंच कळलं की ते दुसऱ्या देशात गेले. आईनं दोन वर्षं तांबड्या कोंबड्याची पिल्लं राखली. "यील त्यो," म्हणायची. नंतर म्हणायची बंद झाली. पाहुण्याला जेवायला बोलवू म्हटलं की "नगं" एवढंच. स्वयंपाक करायची, पण शेजारणींशी भांडायची नाही. ती गेली त्याला आता खूप वर्षं झाली.

मला राहून राहून त्या लांबच्या उसाच्या मुलखाची आठवण येते, जो मी कधी बघितला नाही. देशोदेशीचे राजदूत परत येऊन ओसरीवर बसलेत. एकजण सांगतोय, मी अमक्या देशात एका कोळ्याच्या चुलीपाशी बसलो. दुसरा सांगतोय, मी एका मेंढपाळाच्या. मग म्हातारी माणसं आमच्या पाहुण्याकडं वळतात. आणि तू? हिंदुस्थानात? तो काय सांगत असेल? आईची चूल त्या गावात सांगितली गेली असती. तिथल्या बायकांना तिच्या सुकटाच्या चटणीचं नाव कळलं असतं. आमच्या शेजारच्या गावानं कधी आमच्या हातचं पाणी घेतलं नाही, पण समुद्रापलीकडच्या एका गावात आमच्या घरचं जेवण माहीत झालं असतं. ते झालं नाही. ते आता होणार नाही.

अध्यक्ष अजून आहे. साताऱ्याला बंगल्यात राहतो. सभांना त्याला पुढं बसवतात, सहकारातला जुना माणूस म्हणून शाल घालतात. मला त्याची माफी नको, भरपाई नको. मला उत्तर पाहिजे. एका परक्या देशाच्या माणसाला त्यानं सांगितलं की या घरात मयत झालंय. राजदूतानं आमच्या ओट्यासमोर विचारलं होतं, गेलं कोण? तेव्हा त्याच्या माणसानं गैरसमज म्हणून टाळलं. आता त्यानं स्वतः सांगावं. पुढच्या सभेत शाल घेण्याआधी उभं राहावं आणि चार माणसांत मयताचं नाव घ्यावं. ते चक्र त्यानं कुणासाठी बांधून घेतलं होतं?